कानावाची तहान

माझी तिसरी मुलगी लेपेका पायाळू जन्मली, ते १९६४ साल. जानेवारी महिना होता. तिला सहा आठवडे पुरे झाले नव्हते तोच माझा थोरला भाऊ पेताया खडकावर आपटला. जीव वाचला, पण डाव्या पायाचं हाड दोन जागी मोडलं, होडीचे तुकडे झाले आणि सगळा दोष आमच्या ताविता मामांवर आला.

मामा आईचे धाकटे भाऊ. आमच्या अताफू बेटावर तुलुमा कोरणारे तेव्हा तिघेच उरले होते, त्यांत मामा सगळ्यांत जुने. तुलुमा म्हणजे कानावा झाडाच्या एकसंध ओंडक्यातून पोखरून काढलेली झाकणाची पेटी. होडीत ती पायाशी बांधायची. गळ, दोरा, तंबाखू, काड्यापेटी, जे जे कोरडं राहायला हवं ते तिच्यात. होडी उलटली तरी पेटी तरंगते आणि तिला धरून माणूसही तरंगतो.

त्या दिवशी पेताया बाहेरच्या समुद्रातून परतत होता. पाऊस लागलेला, दिवेलागण होत आलेली, लाटा उंच. खडकांतून आत यायची वाट एका होडीपुरती आहे. अशा वेळी होडीतला माणूस झावळीची चूड पेटवतो. ती बघून किनाऱ्यावरचे लोक वाटेच्या दोन बाजूंना जाळ करतात, आणि त्या दोन जाळांमधून होडी आत घालायची असते. पेतायाने पेटी उघडून काडी घासली. काडीचं डोकं लापशीसारखं फासलं गेलं. दुसरी घासली, तीही तशीच. अकरा काड्या घासल्या. बाराव्या काडीपर्यंत होडी खडकावर होती.

ती पेटी मामांनी केलेली, आणि अवघ्या पाच महिन्यांपूर्वीची.

ज्येष्ठांची सभा बसली तेव्हा मी लेपेकाला मांडीवर घेऊन सभेच्या घराबाहेर बसले होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. पेनेहे तेव्हा सभेचे मुख्य. शांत माणूस, पण बोलले की बोलले.

"ताविता, तुझे हात थकले," ते म्हणाले. "नाताळानंतर एक कानावा पाडायचा आहे. तुझा वाटा मकालियोला जाईल. तू आता चटया विणणाऱ्यांशी गप्पा मार. खूप केलंस."

कानावाचं झाड कुणा एकाचं नसतं. सभा म्हणेल तेव्हा पडतं आणि सभा म्हणेल त्याला मिळतं. एकदा वाटा गेला की कारागीर संपला. त्याला कुणी पुन्हा कारागीर म्हणत नाही.

मामा एवढंच म्हणाले, "झाकण तपासलं का कुणी?"

"झाकण कशाला तपासायचं?" मकालियो म्हणाला. तोही तुलुमा करायचा, पन्नाशीचा, तोंडाळ. "काड्या तपासल्या की पेतायाने. अकरा!"

"झाकण माझं चुकलेलं नाही."

"मग समुद्र चुकला असेल, म्हाताऱ्या."

पेनेहेंनी हात वर केला. "नाताळापर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. तुझ्या घराखाली एक तुकडा आहे ना उरलेला? त्याची पेटी कर. आत काडी कोरडी राहिली तर तुझा वाटा तुझा. नाहीतर झाला तोच निकाल."

मामी गेल्यापासून मामा आमच्याकडे जेवायचे. त्या दिवशी त्यांनी निरफणस तोंडाला लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेतायाची पेटी घेऊन किनाऱ्यावर गेले. लाटांनी ती दोन दिवसांनी आणून टाकली होती. ओरखडेसुद्धा फारसे नव्हते. मामांनी तिच्यात सुकलेल्या काथ्याचा बोळा ठेवला, झाकण बसवलं, धोंडा बांधला आणि आतल्या शांत पाण्यात पेटी बुडवली. मकालियो आणि आणखी चारपाच जण बघायला आले. बघायला काय, हसायलाच आले. सूर्य कलेपर्यंत सगळे थांबले. मग मामांनी पेटी वर काढली, पुसली, उघडली.

बोळा कोरडा. तोंडाजवळ धरून फुंकला तर धागे उडाले.

बघणारे पुढे सरकून बोळा चाचपू लागले. मकालियो मात्र गप्प बसणारा नव्हता. "मग काड्यांना पाणी आलं कुठून? तुझ्या पेटीला आतून घाम फुटतो की काय?"

सगळे हसले. तोही हसला. हसता हसता आपण खरं बोलून गेलो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

मार्च लागला. आमच्याकडे पावसाळ्याचेच महिने हे, झड संपेना. हवा अशी की कपडे दोरीवर चार दिवस तसेच. पेटी माझ्या स्वयंपाकाच्या खोपीत फळीवर पडून होती. माझा नवरा इओना म्हणाला, पडून आहे तर माझा तंबाखू ठेव तिच्यात, बाहेर भिजतोय. मी ठेवला आणि झाकण लावलं. तीन दिवसांनी त्याने उघडून बघितलं.

"लुहिया! हा तंबाखू आहे की शिजवलेली भाजी?"

मी हात घातला. तंबाखू गार, लिबलिबीत. पेटी फळीवरून हललेली नव्हती. छप्पर गळत नव्हतं. झाकण माझ्याच हातांनी लावलेलं. पेटीच्या शेजारी करवंटीत मीठ होतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तसं त्यालाही सुटलं होतं, करवंटीच्या तळाशी तळं झालं होतं. मी करवंटीकडे बघितलं. पेटीकडे बघितलं. मग पेटीत तोंड घालून आतल्या लाकडाला जीभ लावली.

खारट. समुद्राच्या पाण्यात बोट बुडवून चाखावं इतकं.

"अगं, घरात खायला कमी पडतंय का?" इओना म्हणाला. "लाकूड चाटतेस ते!"

"मामांना बोलाव."

मामा आले, ओले, डोक्यावर केळीचं पान धरून. मी त्यांना पेटी दिली आणि चाटायला लावली. त्यांनी चाटली. मग ती मांडीवर घेऊन बसले.

"मामा, हे लाकूड चिखलात किती दिवस होतं?"

ताजा कानावा तसाच कोरला तर त्यात भुंगा शिरतो आणि वर्षभरात पीठ पाडतो. म्हणून आमच्याकडे ओंडका आतल्या पाण्याच्या काठी खाऱ्या चिखलात पुरतात. चार महिने. मग काढून सावलीत वाळवतात. हे सगळ्यांना माहीत. म्हणून मी किती दिवस विचारलं तेव्हा इओनाने माझ्याकडे असं बघितलं की काहीतरीच विचारतेय.

मामा म्हणाले, "तुझी मामी गेली त्याच्या आधीच्या आठवड्यात पुरलं."

मामीला जाऊन तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती.

"मग मला ते काढवेना. तिनेच खड्डा खणायला मदत केली होती. मागच्या वर्षी काढलं. म्हटलं, तीन पावसाळे मुरलंय, असं लाकूड बापजन्मात कुणाला मिळालं नसेल. जितकं मुरेल तितकं टिकेल."

"खारवलेल्या माशासारखं?"

"हो. मासा नाही का टिकत?"

"आणि खारवलेला मासा या हवेत कसा होतो, मामा?"

मामा हातातल्या पेटीवरून नुसता अंगठा फिरवत राहिले.  मी रोज मीठ हाताळते म्हणून मला दिसलं एवढंच. त्यांनी ते लाकूड बायकोच्या आठवणीत ठेवलं होतं.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे पाणी समुद्राचं नव्हतं. हवेतलं होतं."

घराखाली उरलेला तुकडा त्याच ओंडक्याचा. दुसरं लाकूड नाही, मिळणार नाही. तो खारट तुकडा आणि नाताळ, एवढंच मामांच्या हातात होतं.

मामा तुकड्याला घाईने हात लावणारे नव्हते. पेटी कोरताना पडलेल्या ढलप्या त्यांनी ठेवल्या होत्या. त्यांतून बोटभर लांबीच्या चार पट्ट्या काढल्या. अक्षरं मला तेव्हा येत नव्हती, ती मी पुढे पन्नाशीत शिकले, म्हणून आम्ही पट्ट्यांवर खाचा केल्या. एक खाच: आहे तशी, खारट. दोन खाचा: पावसाच्या पाण्यात आठ दिवस भिजवून, पाणी रोज बदलून मीठ काढलेली. तीन खाचा: मीठ काढून खोबरेल मुरवलेली. चार खाचा: मीठ काढून भाजलेली.

चौथीने फार छळलं. पहिल्यांदा केली ती निखाऱ्यांवर धरली तर तिचा कोळसा झाला. दुसऱ्यांदा केली ती आतून तडकली. मग एका शनिवारी, रविवारच्या जेवणासाठी जमिनीतली भट्टी लावली होती, तेव्हा मामांनी पट्टी तापलेल्या दगडांच्या बाजूला वाळूत पुरली, वर पानं, वर माती. जाळ नाही, हवा नाही. रविवारी प्रार्थनेनंतर काढली तेव्हा ती काळसर तांबडी झाली होती. माडाचा रस आटवून काकवी करतात तसा वास. आणि हलकी, इतकी हलकी की तळहातावर आहे की नाही ते कळेना.

गळाला आमिष म्हणून बांधायचे शिंपले जोडीने तोलायला मामांकडे कासवाच्या कवचाची एक दांडी होती, मधोमध दोऱ्याने टांगलेली. चारही पट्ट्या चुलीवर वाळवून, घासून त्यांनी सारख्या वजनाच्या केल्या. मग एका टोकाला एक खाच, दुसऱ्या टोकाला दोन खाचा अशा लटकवून दांडी माझ्या खोपीच्या आढ्याला बांधली. दांडी आडवी, साचलेल्या पाण्यासारखी स्थिर.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. बघत बसायचं."

दुपारी ऊन होतं. दांडी हलली नाही. मी लेपेकाला पाजत होते. मग पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. पाऊस अजून पडला नव्हता, वारा नव्हता, खोपीत माझ्या नि मामांच्या शिवाय कुणी नव्हतं. आणि एक खाचेचं टोक खाली जाऊ लागलं. अगदी हळू. भिंतीवरची सावली सरकते तसं. बघताना हलताना दिसत नाही, नजर फिरवून परत बघितलं की खाली गेलेलं.  माझ्या मांडीवरचं मूल श्वास घेत होतं आणि समोर बोटाएवढं मेलेलं लाकूड हवा पीत होतं. ज्याला झाड सोडून तीन वर्षं उलटली, ज्यात फांदी नाही, मूळ नाही, ते पावसाची वाट बघत असल्यासारखं पाऊस यायच्या आधीच प्यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर तेच टोक वर यायला लागलं.

"श्वास घेतंय," मी म्हटलं.

"घेतंच होतं," मामा म्हणाले. "चाळीस वर्षं मी कानावा कोरतोय. आणि हे मला कुणी दाखवलं नाही. मीच बघितलं नाही."

महिनाभर आमच्या खोपीत दांडी टांगलेली होती, पट्ट्यांच्या जोड्या बदलून बदलून. खारट पट्टी सगळ्यांच्या पुढे, हावरट. धुतलेली पट्टी प्यायची, पण माफक. तेलाच्या पट्टीने आम्हाला पहिल्यांदा फसवलं. दोन दिवसांच्या पावसात ती वरच राहिली, तेव्हा इओना म्हणाला, झालं, खोबरेल चोळा नि मोकळे व्हा. पण पाऊस सात दिवस लांबला. चौथ्या दिवसापासून तिचं टोक उतरायला लागलं आणि सातव्या दिवशी ती धुतलेल्या पट्टीच्या जवळपास येऊन थांबली. तेलाने तिला उशीर केला होता, अडवलं नव्हतं. भाजलेली पट्टी मात्र सातही दिवस वर. थोडीशी उतरली, मग जणू पोट भरल्यासारखी थांबली. बाकीच्या पट्ट्या जेवढं प्यायल्या त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

तेलाने लाकडाचा घोट लहान केला. आगीने त्याची तहानच मारली.

मामा त्या भाजलेल्या पट्टीला मुलाच्या हाताला धरावं तसं धरायचे. एकदा त्यांनी ती दोन्ही बाजूंनी धरून वाकवून बघितली. कट् झालं. पट्टी पापडासारखी मोडली.

"ही त्याची किंमत," ते म्हणाले. "तहान गेली, पण ताकदही गेली थोडी. पेटीच्या भिंती जाड ठेवायला लागतील."

एप्रिलमध्ये त्यांनी तुकड्याला वाकस लावला. अख्खा तुकडा भाजला असता तर बाहेरून करपून आतून फुटला असता, म्हणून आधी ओबडधोबड पोखरला, भिंती तीन बोटं जाड ठेवून. झाकणासाठी वेगळा लहान तुकडा कापला. दोन्ही पागोळीखाली, पिंपात. रोज सकाळी मामा पिंपातलं पाणी चाखायचे आणि ओतून द्यायचे. लोक जाता येता विचारायचे, "ताविता, आमटी झाली का?" मामा म्हणायचे, "मीठ जास्त झालंय." ही थट्टा पन्नास दिवस चालली. एक दिवस त्यांनी चाखलं, मला चाखायला दिलं, आणि पाण्याला नुसती लाकडाची चव होती.

मग पावसाळा सरला. दोन महिने दोन्ही तुकडे सावलीत वाळले.

भाजायचा दिवस ऑगस्टमधला. भट्टी मामांनी स्वतः खणली, इओनाने दगड तापवले. पेतायाही काठी टेकत आला आणि एका ओंडक्यावर पाय लांब करून बसला. खड्ड्यात दगड, दगडांवर वाळू, वाळूत पेटी नि झाकण, पोटातही गरम वाळू भरलेली, वर ओली पानं, चटया, माती. आणि मग थांबणं. एक दिवस आणि एक रात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीखालून आवाज आला. "टक्."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"दगड फुटला," इओना म्हणाला.

"दगड असा फुटत नाही," पेताया म्हणाला.

मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "उघडू का?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. गरम असताना गार हवा लागली तर जे फुटलं नसेल तेही फुटेल. संध्याकाळ होईपर्यंत ते त्या मातीच्या ढिगाशेजारी उकिडवे बसून राहिले.

माती काढली. पेटी काळसर तांबडी, कडेपासून खाली वीतभर भेग. मामांनी भेगेत केवड्याच्या पातीचं टोक घातलं, किती खोल जातं ते बघायला. दोन बोटं गेलं. भिंत तीन बोटं जाड होती.

"एक बोट आहे अजून," ते म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.

भेग जाईपर्यंत त्यांनी बाहेरून पेटी तासली. ठरवली होती त्यापेक्षा ती बरीच लहान झाली, भिंतीही ठरवल्यापेक्षा पातळ. पण चकचकीत, काळी, आणि आत जीभ लावली तर चव नाही. ऑक्टोबरमध्ये झाकण बसवलं. मामांचं झाकण मी लहानपणापासून बघत आले, पण हे काही औरच होतं. वरून सोडलं की आपल्या वजनाने, आतली हवा बाहेर लोटत, उसासा टाकून बसायचं.

आम्ही ती गुपचूप आतल्या पाण्यात बुडवली. संध्याकाळी वर काढली.

अर्धी भरलेली.

मामांनी पाणी ओतलं. पुन्हा झाकण लावलं, पुन्हा बुडवली. पुन्हा पाणी. ते वाळूत बसले आणि हसायला लागले. मला भीती वाटली.

"मामा?"

"मकालियो म्हणेल, हवेचं पाणी थांबवलं आणि समुद्राचं आत घेतलं."

"पण झाकण तर इतकं बरोबर आहे."

"बरोबर आहे गं. त्यात चूक नाही." त्यांनी झाकण उचलून माझ्या हातात दिलं. ओलं होतं, पण तेवढंच होतं, केसभरही फुगलेलं नव्हतं. "माझा बाप म्हणायचा, झाकण घरी सैल हवं, समुद्रात घट्ट. मी नुसतं म्हणायचो, हो. आत्ता कळलं का ते. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पेटीचं तोंड धरतं. झाकण मी घट्ट करतच नव्हतो इतकी वर्षं. समुद्रच करत होता. आणि यात तर मी तहानच ठेवली नाही."

मी झाकण हातात घेऊन उभी होते. ज्या पिण्याने माझ्या भावाचा पाय मोडला, त्याच पिण्याने इतक्या माणसांच्या पेट्या कोरड्या राहिल्या होत्या. लाकडाची तहान चांगली की वाईट, असं काही नव्हतंच. ती कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता.

"मग झाकण पिणारं करा," मी म्हटलं. "पेटी न पिणारी, झाकण पिणारं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे.

झाकणापुरतं लाकूड होतं. पिंपात धुतलेल्या तुकड्याचं एक टोक त्यांनी कापून ठेवलं होतं, न भाजलेलं. पण आता दुसरी भीती. न भाजलेलं झाकण जोरात फुगलं तर भाजलेली ठिसूळ कड फोडील. मामा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आले आणि म्हणाले, "लुहिया, तीन खाचांची पट्टी आठवते? पीत होती, पण हळू."

"खोबरेल!"

"खोबरेल. त्याला घाई करू द्यायची नाही."

झाकण त्यांनी केसभर सैल केलं आणि पंधरा दिवस गरम खोबरेलात ठेवलं. यावेळी बुडवलेली पेटी काढायला आम्ही दोन दिवस थांबलो. उघडेना. मामांनी मांडीवर आपटलं, इओनाने दोन्ही हातांनी पिळलं, तेव्हा झाकण निघालं. आत काथ्या कोरडा. कडेला भेग नाही.

डिसेंबर लागला, पाऊस आला. पेनेहेंनी स्वतःच्या हाताने पेटीत बारा काड्या ठेवल्या आणि झाकणावर काथ्याची गाठ मारली, कुणी उघडू नये म्हणून. इओना ती पेटी आठ दिवस समुद्रावर घेऊन गेला. दोनदा मुद्दाम होडीमागे दोरीला बांधून ओढत आणली. उरलेले चार दिवस ती सभेच्या घराच्या उघड्या बाजूला, पागोळ्यांजवळ ठेवली होती, हवेचा ओलावा खायला. ही अट मकालियोची. "आतून घाम फुटतो का ते तरी कळू दे," तो म्हणाला. पण या वेळी हसला नाही.

तेराव्या दिवशी सभा बसली. बाहेर पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. पेनेहेंनी गाठ सोडली, झाकण ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. त्यांचे गाल लाल झाले.

"ताविता, हे उघडतं की नाही?"

"समुद्रावरून आलंय, जरा रुसलंय," मामा म्हणाले. "बाजूने थोपटा."

मकालियोने पेटी घेतली, गुडघ्यात धरली, तीन ठिकाणी मुठीने ठोकलं आणि झाकण काढलं. मग त्याने झाकणाची कड बोटाने चाचपली, पेटीची कड चाचपली, पुन्हा झाकणाची. बराच वेळ. तो कारागीर होता. दोन्ही लाकडं एकाच झाडाची आणि तरी एक नव्हती, हे त्याच्या बोटांना कळलं. "हे काय केलंस?" त्याने हळू विचारलं. नावाने हाक मारली नाही, आणि म्हाताऱ्याही म्हटलं नाही.

काड्या काढायला कुणी पुढे होईना. पेनेहे म्हणाले, "पेताया."

माझा भाऊ काठी टेकत पुढे गेला. त्याने बारांतली एक काडी उचलली, डोकं अंगठ्याने दाबून बघितलं.  मामा खाली चटईकडे बघत होते, काडीकडे नाही.

एकदाच घासली. पेटली.

पेताया ती बोटांपर्यंत जळू देत उभा राहिला. एवढीशी ज्योत, सगळ्या बाजूंनी पाऊस कोसळतोय, आणि ती आतल्या हवेत सरळ उभी.  बोटाला चटका बसला तेव्हा त्याने काडी टाकली आणि दुसरी काढली. बाराही काड्या त्याने एकामागून एक पेटवल्या. कुणी थांबवलं नाही.

पेनेहे म्हणाले, "नाताळानंतर झाड पडलं की पहिला तुकडा ताविताचा."

"आणि दुसरा मकालियोचा," मामा म्हणाले. "मला त्याला भट्टी दाखवायची आहे."

मकालियो म्हणाला, "आमटी करायलाही शिकव."

ती पेटी पेतायाने घेतली. त्याच्या पायामुळे तो पूर्वीसारखा लांब जाईना, पण जायचा. त्या झाडातून मामांनी आणखी तीन तुलुमा केल्या, मकालियोने पाच. सगळ्या पेट्या काळ्या नि झाकणं पिवळट, अताफूच्या पेट्या म्हणून लोक दुरूनच ओळखू लागले.

ताविता मामा १२ जून १९६९ रोजी, गुरुवारी सकाळी, आमच्या घरी वारले. मकालियो १९७८ साली नोव्हेंबरात गेला. माझा भाऊ पेताया ३ मार्च १९९१ रोजी गेला, म्हातारपणाने, अंथरुणात.